गर्भनिरोधक पॅच वापरलाय का कुणी? (दंडावर चिकटवायचा)

पेरूची_फोड | ३ ऑक्टोबर, रात्री १०:१२

मंडळी, बरीच वर्षं इथे नुसतं वाचतेय, हा माझा पहिलाच धागा. विषय असा की घरात आणि मैत्रिणींत बोलताना जीभ अडखळते, म्हणून आयडीच्या पदराआडून विचारते.

मी न्यू जर्सीत. वय ३३, लेक चार वर्षांची, दुसरं मूल इतक्यात नको असं दोघांचंही ठरलंय. वर्षभर गोळी घेतेय. घेतेय म्हणजे आठवेल तेव्हा. लेकीचा डबा, आठची मीटिंग, आणि गोळी आठवते ती रात्री दिवा मालवल्यावर. ऑगस्टमध्ये पाळी नऊ दिवस पुढे गेली. ते नऊ दिवस कसे काढले ते माझं मलाच माहीत.

परवा गायनॅककडे गेले तर तिथल्या नर्स प्रॅक्टिशनरने पॅच सुचवला. आठवड्यातून एकदा चिकटवायचा, झालं. प्रिस्क्रिप्शन फार्मसीत जाऊन पडलंय, मी अजून उचललेलं नाही. कारण:

खरंच चिकटून राहतो का तो? मी आठवड्यातून दोनदा पोहते.
सासूबाई-सासरे दिवाळीला येतायत, मार्चपर्यंत मुक्काम. "हे काय लावलंयस गं?" असं विचारलं तर काय सांगायचं? आणि अभ्यंगाचं तेल?
मार्च-एप्रिल आम्ही पुण्यात. तिथे मिळतो का? भावाने ओळखीच्या तीन केमिस्टांकडे विचारलं, तिघांनीही निकोटीनचा पॅच पुढे केला.

---

चकलीचा_साचा | ३ ऑक्टोबर, रात्री ११:३०

वापरतेय. दोन वर्षं झाली, टेक्सासच्या दोन उन्हाळ्यांसकट.

आधी हिशेब. आठवड्याला एक, असे तीन आठवडे तीन पॅच. चौथा आठवडा कोरा, त्यात पाळी येते. मग पुन्हा पहिल्यापासून. बदलायचा वार ठरलेला, माझा मंगळवार. वार पाळायचा, घड्याळ नाही. सकाळी राहिला तर रात्री लाव, काही बिघडत नाही. गोळीच्या मानाने मला सगळ्यात मोठा फरक हा वाटला.

चिकटतो. आंघोळ, पोहणं, घाम, सगळ्यात टिकतो. दोन वर्षांत माझा एकदाच सुटला, तोही माझ्याच चुकीने. अंगाला लोशन लावलं आणि त्याच हाताने पॅच लावला. कातडी धुऊन पूर्ण कोरडी हवी. पावडर नको, क्रीम नको. लावल्यावर तळव्याने दाबून दहा सेकंद धरायचा आणि कडांवरून बोट फिरवायचं. रोज आंघोळीनंतर एकदा हाताने चाचपायचा, जागेवर आहे ना म्हणून.

जागा: दंडाची बाहेरची बाजू, पोट, कुल्ला, पाठीचा वरचा भाग. छातीवर कधीच नाही. ब्राचा पट्टा किंवा जीन्सची कंबर घासेल तिथे लावलास तर कडा उचललीच म्हणून समज. मी कुल्ल्यावर लावते. सासूबाईंचा प्रश्न तिथेच मिटतो, आणि दिवाळीच्या पहाटे तिथे तेल चोळायला कोण येतंय? (आलंच कुणी तर त्याला पॅच कशासाठी आहे ते माहीत असतं.)

आता कुणी सांगत नाही ते. कडेभोवती काळं वर्तुळ जमतं. कपड्यांचे तंतू गोंदाला चिकटतात आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी तो पॅच चिखलातून काढल्यासारखा दिसतो. काढल्यावर चिकट चौकोन राहतो, तो बेबी ऑइलने जातो. खाज सुटते, म्हणून नवा जुन्याच्या जागी लावायचा नाही, बाजूला सरकायचं. आणि रंग! कुणाच्या तरी गोऱ्या कातडीशी जुळवलेला गुलाबीसर. माझ्या सावळ्या दंडावर तो पोस्टाच्या तिकिटासारखा दिसायचा.

पहिले दोन महिने मळमळ आणि छाती दुखरी. तिसऱ्या महिन्यापासून काही नाही.

---

भिंगरी२ | ४ ऑक्टोबर, दुपारी १:०५

लीड्सहून हजेरी. इकडे एव्हरा नावाने मिळतो, एनएचएसमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेत, फुकट. माझी तीन वर्षं झाली.

एक भर. सुटलेला पॅच ४८ तासांच्या आत लक्षात आला तर परत चिकटवायचा, गोंद गेला असेल तर नवा लावायचा, बदलायचा वार तोच ठेवायचा, असं इकडे सांगतात. मात्र त्याआधीचे सात दिवस तो नीट चिकटलेला असायला हवा. ४८ तास उलटले, किंवा कधी पडला तेच माहीत नाही, तर नवं चक्र सुरू आणि सात दिवस निरोध. वरून बँडेडची पट्टी लावून धरून ठेवायचा नाही. मी सुरुवातीला तोच शहाणपणा केला होता.

---

चकलीचा_साचा | ४ ऑक्टोबर, दुपारी ४:४८

४८? माझ्या पाकिटातल्या कागदावर २४ तास आहे! पॅच एकच ना?

---

अर्धा_कप | ४ ऑक्टोबर, रात्री ८:२०

कडू बोलतो, रागावू नका. या पॅचवर अमेरिकेत मोठा गदारोळ झाला होता, रक्ताच्या गुठळ्यांचा. कोर्टकचेऱ्याही झाल्या. दिसायला बँडेड, आत हार्मोन. आपल्याकडे इतकी आयुर्वेदिक परंपरा असताना हे कशाला?

---

भिंगरी२ | ४ ऑक्टोबर, रात्री ९:०२

आपल्याकडे इतकी परंपरा असताना माझ्या आजीला नऊ मुलं झाली. असो.

---

टाकेवाली | ५ ऑक्टोबर, सकाळी ७:१५

नाशिकला स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. ओपीडी सुरू व्हायला तास आहे, तोवर लिहिते.

२४ की ४८: अमेरिकेतल्या माहितीपत्रकात २४ तास आहे, ब्रिटनची आरोग्यसेवा ४८ सांगते. औषध तेच, सावधगिरीची रेघ कुठे ओढायची यावर एकमत नाही. ज्या देशाचं पाकीट हातात आहे त्याचा कागद पाळा. दोन्हीकडे सारखी असलेली गोष्ट जास्त महत्त्वाची: कोरा आठवडा सात दिवसांपेक्षा लांबू द्यायचा नाही. विसरायचंच असेल तर तिसरा पॅच काढायला विसरा, पुढच्या चक्राचा पहिला लावायला विसरू नका. बीजकोष त्या सुट्टीत जागे होत असतात, सुट्टी लांबली की बीज बाहेर पडायची भीती.

अर्धा_कप, तुमचा मुद्दा खोटा नाही, अर्धा आहे. अमेरिकेत पहिल्या पॅचला २००१ मध्ये परवानगी मिळाली. २००५ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने लेबलवर ठळक इशारा घालायला लावला. कारण समजून घ्या. आम्ही नाशिककर, त्यामुळे द्राक्षबागेच्या भाषेत सांगते. गोळी म्हणजे पाटाचं पाणी: घेतली की रक्तातली पातळी भसकन वर जाते, मग उतरते. पॅच म्हणजे ठिबक, दिवसरात्र सारखं. आतड्यातून आणि यकृतातून फेरी नाही, म्हणून उलटी-जुलाब झाले तरी पॅचचं काम चालूच. फक्त बागेत ठिबकने पाणी वाचतं, इथे उलटं होतं. ३५ मायक्रोग्रॅम इस्ट्रोजेनच्या गोळीशी तुलना केली तर पॅचचा शिखर-आकडा सुमारे २५ टक्के कमी, पण एकूण अंगात जाणारं इस्ट्रोजेन सुमारे ६० टक्के जास्त. इशारा त्यासाठी.

गुठळ्यांचा हिशेब युरोपच्या औषध संस्थेचा देते. हार्मोन न घेणाऱ्या, गरोदर नसलेल्या १०,००० बायकांत वर्षाला साधारण २ जणींना शिरेत गुठळी होते. लिव्होनॉरजेस्ट्रेलच्या गोळीवर (आपली माला-डी त्यातलीच) ५ ते ७. पॅचवर ६ ते १२. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर या सगळ्यांपेक्षा जास्त. आता तुम्हीच ठरवा किती घाबरायचं ते. मी म्हणेन, थोडं आणि योग्य जागी.

योग्य जागा म्हणजे: पस्तिशी ओलांडलेली आणि सिगारेट ओढणारी, रक्तदाब असलेली, आधी कधी गुठळी झालेली किंवा आई-बहिणीला झालेली, स्तनाचा कॅन्सर झालेली, नुकती बाळंतीण, दृष्टीवर परिणाम करणारी मायग्रेन असलेली. शिवाय वजन: ९० किलोच्या वर पॅच कमी भरवशाचा, आणि अमेरिकेत तर बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ३० किंवा जास्त असेल तर देऊच नये असं लेबलवर आहे. क्षयाचं रिफॅम्पिसिन आणि फिटची काही औषधं त्याचा असर घालवतात.

पेरूची_फोड, यातलं काही?

(आणि पॅच गोळीपेक्षा जास्त खात्रीचा अशी समजूत असेल तर पुसून टाका. पुस्तकात दोघांना एकच आकडा आहे: रोजच्या वापरात वर्षाला १०० पैकी ७ जणींना दिवस जातात, तंतोतंत वापरला तर एकीलाही कठीण. फरक विसरण्याचा आहे.)

---

पेरूची_फोड | ५ ऑक्टोबर, सकाळी ९:५०

डॉक्टर, किती नीट सांगितलंत! यातलं काहीच नाही. वजन ६१. सिगारेट नाही. बीपी परवाच मोजलं, छान होतं. मायग्रेन वगैरे नाही, तिथल्या फॉर्मवरही 'नाही'वरच खूण केली होती. पित्ताचा त्रास आहे फक्त, तो लहानपणापासून.

म्हणजे उचलू ना? आणि पुण्याचं काय?

---

बिनसाखर | ५ ऑक्टोबर, सकाळी ११:३१

बायकांच्या धाग्यात घुसतोय, माफी. दुसऱ्या मुलीनंतर मी नसबंदी करून घेतली. बिनटाक्याची, अर्ध्या तासात घरी. तीन महिन्यांनी तपासणीत शुक्रजंतू नाहीत हे बघेपर्यंत निरोध, बास. मित्रमंडळींत सांगितलं तर दोघे खुर्ची मागे घेऊन बसले. धागाकर्तीला पुढे मूल हवं असेल तर हे कामाचं नाही, पण वाचणाऱ्या नवऱ्यांसाठी लिहून ठेवतो.

---

भिंगरी२ | ५ ऑक्टोबर, दुपारी १२:०९

बिनसाखर, +१००. तुमचे ते दोन मित्र आमच्याही ओळखीचे आहेत.

---

जुनी_वही | ५ ऑक्टोबर, सायंकाळी ६:४०

मी ३१ वर्षं एएनएम, म्हणजे गावोगाव फिरणारी सरकारी नर्स होते, कोल्हापूर जिल्ह्यात. लाल त्रिकोणाच्या पाट्या रंगवलेल्या भिंतींच्या काळातली. निवृत्त झाले तरी सवय जात नाही.

पॅच मी कधी हातात धरला नाही. सरकारी दवाखान्यात बाई आली तर तिला मिळतं ते असं: निरोध, माला-एन गोळ्या, तांबी, तीन महिन्यांनी घ्यायचं अंतरा इंजेक्शन, छाया गोळी, आणि ऑपरेशन. अंतरा आणि छाया २०१७ पासून सरकारी यादीत आल्या. आठवड्याला एकदाच आठवायचं असेल तर छाया आहेच की. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या दोन वारी, मग आठवड्याला एक. लखनऊच्या सीडीआरआय या औषध संशोधन संस्थेने शोधलेलं औषध, बाजारात 'सहेली' नावाने कधीचं मिळतं. त्यात इस्ट्रोजेन नाही. पाळी मात्र लांबते, बाई घाबरते, हे आधी सांगावं लागतं.

पण मी लिहायला बसले ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. डॉक्टर, तुम्ही मायग्रेन विचारलंत, तिने नाही म्हटलं. खरं बोलली ती. तो शब्द तिच्या घरातला नाही. आमच्या गावात माला-डी द्यायच्या आधी चेकलिस्ट भरायची असायची. 'तीव्र डोकेदुखी आहे का?' म्हटलं की बायका 'नाही' म्हणायच्या. 'पित्त उसळतं का?' म्हटलं की दहातल्या सहा मान हलवायच्या. मग मी विचारायची, पित्ताचं डोकं एका बाजूने दुखतं का? उजेड नको होतो का? आणि दुखायच्या आधी डोळ्यांपुढे काही दिसतं का?

पेरू, तुला मी हेच विचारते. तुझं पित्त कसं असतं ते नीट सांग.

---

पेरूची_फोड | ५ ऑक्टोबर, रात्री ९:२२

ताई, वाचून अंगावर काटा आला, कारण दिसतं.

महिन्या-दोन महिन्यांतून एकदा. आधी समोरच्या अक्षरांत एक भोक पडतं, म्हणजे ओळीतला मधला शब्दच दिसत नाही. मग त्या भोकाभोवती चमकती नागमोडी रेघ, किल्ल्याच्या तटासारखी, हलणारी. ती हळूहळू मोठी होत बाजूला सरकते. वीस-पंचवीस मिनिटांनी जाते, आणि मग डाव्या बाजूला घण. उलटी झाली की मोकळं वाटतं, म्हणून आम्ही पित्तच म्हणतो. आईलाही आहे. ती कोकम सरबत देऊन अंधाऱ्या खोलीत झोपवायची. एकदा उजव्या हाताची बोटं बधिर झाली होती, मला वाटलं अवघडून झोपले असेन.

गोळी सुरू केल्यापासून जरा वाढलंय. मी ते लेकीच्या जागरणांवर ढकललं होतं.

---

टाकेवाली | ५ ऑक्टोबर, रात्री ९:४१

जुनी_वही, तुमच्या पायाशी बसून शिकायला हवं. मी सगळं पुस्तक ओकून टाकलं आणि विचारायचं ते इंग्रजीतच विचारलं.

पेरूची_फोड, नेटवर निदान करत नाही, पण तुम्ही जे लिहिलंय तसंच वर्णन आम्ही विद्यार्थ्यांना शिकवतो. याला ऑरा म्हणतात. पाच मिनिटं ते तासभर टिकतो, हळूहळू पसरतो, मग डोकं. बोटं बधिर होणं हाही त्याचाच भाग असू शकतो. ऑरा असलेल्या मायग्रेनमध्ये मेंदूत पक्षाघात व्हायची शक्यता मुळातच थोडी जास्त असते. तुमच्या वयात आकडा लहान असतो, पण इस्ट्रोजेन त्याच पारड्यात वजन टाकतं. म्हणून इस्ट्रोजेन असलेलं काहीही, म्हणजे पॅच, योनीत ठेवायची रिंग, तुमची आत्ताची गोळी, नको.

पॅच उचलू नका. चालू गोळीबद्दल उद्याच फोन करून विचारा आणि फोनवर हे शब्द जसेच्या तसे सांगा: रेघ, भोक, बोटं. तोवर निरोध. बोलताना शब्द सापडेनासे झाले, एक हात-पाय लुळा पडला, आजवर कधी दुखलं नाही असं डोकं अचानक फुटलं, किंवा छातीत दुखलं, एका पोटरीला सूज आली, तर फोन नाही, सरळ इमर्जन्सी.

घाबरवायला लिहीत नाहीये. पर्याय भरपूर आहेत: तांबी, हार्मोनची तांबी, दंडातली काडी (इम्प्लांट), नुसत्या प्रोजेस्टिनच्या गोळ्या. यांत इस्ट्रोजेन नाही. आणि त्यातले पहिले तीन तुमच्यासारख्या विसरभोळीला उत्तम, कारण आठवायचं काहीच नसतं.

---

अर्धा_कप | ५ ऑक्टोबर, रात्री १०:३०

मी काही बोलत नाही. पण आमच्या हिलाही "पित्त" आहे. उद्या विचारतो तिला, रेघ दिसते का.

---

चकलीचा_साचा | ५ ऑक्टोबर, रात्री ११:१५

मी दोन वर्षं पॅचचं गुणगान गातेय आणि मलाही कुणी असं विचारलेलं नाही. फॉर्मवर चौकट होती, मी 'नाही' केली. आत्ता आरशासमोर उभी राहून आठवतेय, कधी काही दिसलंय का. नाही दिसलेलं. पण तीन मिनिटं धडधडलं.

---

पेरूची_फोड | १६ ऑक्टोबर, रात्री ८:०५

अपडेट देते, अर्धवट धागे मलाच आवडत नाहीत.

फोन केला, गोळी त्याच दिवशी बंद करायला सांगितली. काल प्रत्यक्ष भेट झाली, यावेळी डॉक्टरांशी. मी कागदावर ती रेघ काढूनच नेली होती, लेकीच्या पिवळ्या खडूने. त्यांनी चित्र बघितलं आणि म्हणाल्या, हे आधी का नाही सांगितलंत? मी म्हटलं, आमच्याकडे याला पोटाचा आजार समजतात. न्यूरॉलॉजिस्टची वेळ नोव्हेंबरात मिळालीये.

हार्मोनची तांबी बसवायचं ठरलं. आठ वर्षं चालते, आणि मूल हवं झालं तर हवी तेव्हा काढता येते. पाळी कमी होते किंवा थांबते, तेही सांगितलं. बसवताना दुखेल याची भीती आहेच, त्यावर इथे वेगळा धागा आहे तो वाचतेय. (वाचायला नको होता.) पुण्याच्या केमिस्टांचा प्रश्न आपोआप सुटला. सासूबाईंचाही.

आईला फोन केला. विचारलं, तुला डोकं दुखायच्या आधी रेघा दिसायच्या का? तर म्हणते, "हो, मग! सगळ्यांनाच दिसतात." मी म्हटलं, नाही गं, सगळ्यांना नाही दिसत. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तुझ्या मावशीला विचारते." मावशीने रात्रीच व्हॉट्सअॅप केलं: हो.

जुनी_वही ताई, तुम्हाला वेगळा निरोप पाठवलाय.

---

जुनी_वही | १६ ऑक्टोबर, रात्री ९:३०

वाचला. डोळे भरले. मावशीचं वय काय, आणि ती पाळीसाठी कसल्या गोळ्या घेते का, ते विचार.

---

भिंगरी२ | १७ ऑक्टोबर, दुपारी १२:४४

उत्तम. पॅचवाल्या बाकीच्यांसाठी एक राहिलंच: वापरलेला पॅच चिकट बाजू आत दुमडून कचऱ्यात टाकायचा, संडासात नाही. त्यात हार्मोन उरलेलं असतं. आणि प्रवासात नेताना बंद पाकिटातच ठेवायचा, फ्रीजमध्ये नाही.

---

चकलीचा_साचा | २१ ऑक्टोबर, रात्री ११:५२

अरे देवा, आज मंगळवार. आले.